फळांचे कृत्रिम स्वाद

गोळ्या, गारेगार, पेप्सी (प्लास्टिकच्या नळीतला गोड बर्फ), बर्फाचा गोळा यांना फळाशिवाय फळाचा स्वाद देणारी रसायने. बाजारातले नाव इसेन्स. कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर किसलेल्या बर्फावर ओततात त्या पाकात बहुधा साखर, रंग, सायट्रिक आम्ल आणि इसेन्सचे थेंब असतात. जिभेला कळते ते गोड-आंबट. संत्रे की अननस, हे नाक ठरवते. सर्दी झालेल्याला म्हणूनच सगळे गोळे सारखे लागतात.

यांतली बरीच रसायने एस्टर या गटातली, म्हणजे आम्ल व अल्कोहोल यांच्या संयोगातून होणारी. १८५१ मध्ये लंडनच्या महाप्रदर्शनात नासपती, सफरचंद, अननस यांची 'तेले' मांडली होती. जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑगस्ट विल्हेल्म होफमान यांनी त्यांची तपासणी केली. नासपतीचे तेल अमिल ॲसिटेटचे निघाले, अननसाचे एथिल ब्युटिरेटचे. यातल्या ब्युटिरिक आम्लाला खवट लोण्याचा वास येतो. अल्कोहोलशी जुळले की त्याचाच अननस होतो.

इंग्लंडात नासपतीच्या गोळ्यांत गेलेले ते अमिल ॲसिटेट आपल्याकडे केळ्याचा इसेन्स म्हणून ओळखीचे. त्यासाठी लागणारे अमिल अल्कोहोल फ्यूजेल तेलातून मिळते, आणि हे तेल म्हणजे अल्कोहोल गाळताना वेगळा काढावा लागणारा जोडपदार्थ. कोल्हापूर जिल्ह्याला हे दूरचे नाही. साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांत उसाच्या मळीपासून अल्कोहोल गाळतात, तिथेही फ्यूजेल तेल निघते. मळीच्या वासाने नाक मुरडणाऱ्याला केळ्याची गोळी त्याच घरातली आहे, हे सांगून पटत नाही.

पिकल्या केळ्यातही हेच एस्टर मुख्य असते, पण सोबत इतर अनेक वास असतात. ते वगळल्यामुळे गोळीतले केळे भडक आणि एकसुरी लागते. (मधमाशी डंख मारताना सोडते त्या धोक्याच्या गंधातही हेच एस्टर असते.)

१८७४ मध्ये टीमान व हारमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी सूचिपर्णी झाडांतल्या कोनिफेरिन या द्रव्यापासून व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाचा मुख्य गंध, तयार केले आणि आइस्क्रीमला व्हॅनिलाच्या शेंगेची गरज उरली नाही.

द्राक्षाच्या गोळीला तासगावच्या द्राक्षाचा वास का येत नाही? तिच्यातले मिथिल अँथ्रॅनिलेट अमेरिकेतल्या काँकर्ड जातीची ओळख. आपल्या थॉमसन सीडलेसमध्ये ते जवळजवळ नसते. काला खट्टा तर कुठल्याच झाडाला लागत नाही. जांभूळ, लिंबू, काळे मीठ, जिरे अशा मिश्रणाची ती चव.