फायबरच्या होडीला फोड येतात, ते गोड्या पाण्याने

मे संपत आला की कोकणातल्या वर्तमानपत्रांत एक बातमी हमखास येते: नौका शाकारण्याची लगबग. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, वर झापा नाहीतर ताडपत्री, आणि रिकामा वेळ आहे तर होऊन जाऊ दे डागडुजी-रंगरंगोटी. फायबरची जुनी होडी असेल तर तिचा तळ रंगवायला याहून वाईट मुहूर्त वर्षभरात सापडणार नाही.

फायबर कुजत नाही, गंजत नाही, म्हणून पाणी त्याचं काही वाकडं करू शकत नाही, असं बहुतेकांना वाटतं. आणि केलंच काही, तर खारं पाणी करेल. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. एकाच साच्यातून काढलेल्या दोन होड्या घ्या. एक मालवणच्या समुद्रात बांधून ठेवा, दुसरी पुण्याजवळच्या एखाद्या धरणात. काही वर्षांनी तळाला फोड यायचे असतील, तर ते आधी धरणातल्या होडीला येतील.

होडीचं कवच म्हणजे काचेच्या तंतूंची मॅट आणि तिच्यात मुरवलेलं पॉलिएस्टर रेझिन. बाहेरून चकाकतो तो जेलकोट, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा. हे सगळं डोळ्यांना अभेद्य दिसतं. पण रेझिन म्हणजे लांबलचक साखळ्यांचं जाळं, आणि त्याच्या फटींतून पाण्याचे सुटे रेणू सरकत सरकत आत जातात. गळती नव्हे ही. भोक कुठेच नसतं. रेणू एकेकटा शिरतो, आणि नुसता शिरला तर बिघडतही नाही.

बिघडतं ते आत काय शिल्लक आहे त्यावर. होडी घडवताना रोलर नीट फिरला नाही, तर मॅटमध्ये हवेचे बारीक बुडबुडे राहतात. हार्डनरचं, म्हणजे रेझिन घट्ट करणाऱ्या रसायनाचं, प्रमाण चुकलं, तर रेझिन पूर्ण पिकत नाही. रेझिन बनवताना वापरलेलं, पण प्रक्रियेत न सामावलेलं थोडं ग्लायकॉल कोपऱ्यात पडून राहतं, मॅट बांधून ठेवणाऱ्या चिकट द्रव्याचाही अंश असतो. ही द्रव्यं पाण्यात विरघळणारी. आत आलेले रेणू बुडबुड्याच्या पोकळीत जमले की ती त्यांत विरघळतात आणि घट्ट द्रावणाचा एक थेंब तयार होतो. आता थेंबाच्या एका बाजूला जेलकोट आहे, जो पाण्याला वाट देतो पण ग्लायकॉलच्या थोराड रेणूंना सहजासहजी देत नाही. शाळेत परासरण शिकलेल्यांना पुढचं सांगायला नको: पाणी पातळ बाजूकडून घट्ट बाजूकडे ओढलं जातं.

किती जोराने, याचा हिशेब मला फार आवडतो, कारण तो एका ओळीत बसतो. परासरणी दाब म्हणजे द्रावणातल्या कणांची संहती गुणिले वायुस्थिरांक गुणिले निरपेक्ष तापमान. व्हॅन्ट हॉफ या डच रसायनशास्त्रज्ञाचं हे समीकरण. रसायनशास्त्राचं पहिलं नोबेल, १९०१ सालचं, त्याचंच. आपल्या थेंबात लिटरमागे एक मोल, म्हणजे ७६ ग्रॅम प्रॉपिलीन ग्लायकॉल आहे असं धरा. २७ अंश सेल्सियस म्हणजे ३०० केल्व्हिन. वायुस्थिरांक ०.०८२ गुणिले ३००, उत्तर सुमारे २५ वातावरण. मोटारीच्या टायरमध्ये आपण भरतो त्याच्या दहापट! प्रत्यक्षात दाब इतका चढत नाही, कारण त्याच्या खूप आधीच जेलकोट फुगून वर येतो. तोच फोड.

आता समुद्राकडे वळू. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्याचा स्वतःचाच परासरणी दाब २५ वातावरणांच्या थोडा वर भरतो. म्हणजे आपला हा ७६ ग्रॅमवाला थेंब समुद्रातून पाणी ओढूच शकत नाही. त्याला आधी समुद्रापेक्षा घट्ट व्हावं लागेल. धरणाच्या पाण्यात मात्र अगदी पातळ थेंबही कामाला लागतो. मीठ इथे होडीचं रक्षण करतं.

अर्थात समुद्रातल्या होड्यांनाही फोड येतात, कारण गोष्ट इथे थांबत नाही. पॉलिएस्टरच्या साखळीतला सांधा एस्टरचा असतो, आणि हा सांधा पाण्याने तुटतो. तुटला की एका टोकाला आम्ल उरतं, दुसऱ्या टोकाला अल्कोहोल. ते आम्ल पुढचे सांधे तोडायला मदत करतं. जितकं तुटेल तितकं विद्राव्य द्रव्य वाढतं, तितकं पाणी ओढलं जातं, तितकं आणखी तुटतं. एखादा फोड टोच्याने फोडून बघा, पण डोळ्यांवर चष्मा घालून, कारण आतला थेंब पिचकारीसारखा उडतो. बोटाला बुळबुळीत, वासाला आंबूस, आणि निळा लिटमस त्यात तांबडा होतो.

हे कळलं की दोन गोष्टींचा भाव उतरतो. एक, नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, टांगलेल्या लिंबू-मिरचीचा. रोलर नीट फिरला होता की नाही हे तिला विचारून कळत नाही. दुसरी, 'नॅनो' लिहिलेल्या महागड्या बाटलीचा. ओल्या कवचावर वरून काहीही चोपडलं, तरी पाणी आणि ग्लायकॉल आतच कोंडले जातात. लिंबू निदान स्वस्त असतं.

दुरुस्तीत त्यामुळे रंगापेक्षा सुकवण्याला जास्त वेळ लागतो. फोड तुरळक असतील तर तेवढेच कोरून काढतात. तळभर असतील तर सगळा जेलकोट सोलतात. त्याआधी मेण आणि तेलकटपणा सॉल्व्हंटने पुसायचा, नाहीतर पॉलिश पेपर ते मेण ओरखड्यांत रगडून बसवतो. मग एक उलटं वाटणारं काम: कवच सुकवायचं म्हणून ते गरम गोड्या पाण्याने वारंवार धुवायचं. ग्लायकॉल १८८ अंशांना उकळतं, उन्हाने उडून जात नाही, आणि हवेतली ओल शोषत राहतं. ते धुऊनच काढावं लागतं. त्यानंतर आठवडे, कधी महिने, वाळवण. वाळलं की नाही हे बघायला पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटवून उन्हात ठेवा. आतून दव धरलं तर अजून थांबायचं.

खड्डे भरायला गॅरेजमधली पॉलिएस्टरची लांबी (पुट्टी) पाण्याच्या रेषेखाली वापरू नका, ती पाणी पिते. इपॉक्सी या दुसऱ्या जातीच्या रेझिनमध्ये घोटलेलीच हवी, आणि तिच्यावर बिनसॉल्व्हंटच्या इपॉक्सीचे अनेक हात. इपॉक्सीच्या जाळ्यात तुटायला एस्टरचे सांधेच नसतात. मग सतत पाण्यात राहणाऱ्या होडीला तांब्याच्या ऑक्साइडचा शेवाळरोधक रंग, आणि रेषेच्या वर पॉलियुरेथेन, कारण उन्हात इपॉक्सी खडूसारखी पांढरी पडते.

आणि मुहूर्त? रंगवताना पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव धरू लागतं त्यापेक्षा, निदान ३ अंश गरम असावा लागतो. जुलैत कोकणात हवा २८ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल, तर दवबिंदू २६ च्या वर जातो. कवच २९ च्या पुढे हवं, आणि सावलीतलं कवच हवेइतकंच, २८ वर. शिवाय दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट साय धरते. ती पाण्याने धुतली नाही तर पुढचा हात पापुद्र्यासारखा सुटतो. जेलकोट ऑक्टोबरात सोलावा, रंग जानेवारी-फेब्रुवारीत लावावा. हा ऐन हंगाम, धंदा बुडतो, हे खरंच आहे. ज्याला ते परवडत नाही त्याने पावसाळ्यात फोड उघडून, धुऊन, छपराखाली तसेच मोकळे ठेवावेत आणि रंगाची घाई करू नये.

पावसाळ्यात करण्यासारखं एक काम मात्र आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. होडीच्या आतल्या बाजूला सहसा जेलकोट नसतो, आणि तळात साचतं ते पावसाचं, म्हणजे अगदी गोडं पाणी. ताडपत्री नीट ताणायची, नाळ थोडी उंच टेकवायची आणि मागचं बूच काढून ठेवायचं.