खुलासा: ‘आर्गो’चा खर्च संयुक्त राष्ट्रं उचलत नाहीत

महासागरांचं तापमान मोजणारं ‘आर्गो’ हे तरंगत्या यंत्रांचं जाळं संयुक्त राष्ट्रांच्या पैशावर चालतं आणि तीसेक देश सामील असल्याने त्याला निधीची चिंता नाही, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. दोन्ही गोष्टी चूक आहेत.

आर्गोला मध्यवर्ती तिजोरीच नाही. प्रत्येक देश आपापली यंत्रं विकत घेतो, समुद्रात सोडतो, त्यांची माहिती तपासतो. युनेस्कोचा समुद्रविज्ञान आयोग मदत करतो ती समन्वयापुरती. सुमारे 4000 यंत्रांपैकी जवळजवळ निम्मी एकट्या अमेरिकेची आहेत. देशांची यादी लांबलचक असली, तरी निम्मा भार एकाच खांद्यावर आहे.

यंत्र 1000 मीटर खोलीवर वाहत राहतं. दर दहा दिवसांनी ते 2000 मीटरपर्यंत उतरतं, वर येताना तापमान आणि क्षारता मोजतं आणि उपग्रहाकडे आकडे पाठवतं. दीडशेच्या आसपास फेऱ्या झाल्या, म्हणजे चारेक वर्षांत, बॅटरी संपत येते. त्यामुळे आहे ते जाळं टिकवायलाच दरवर्षी आठशेच्या घरात नवी यंत्रं लागतात. खरा धोका इथे आहे. निधी कापला तरी त्या वर्षी नकाशा भरलेलाच दिसतो. भोकं पडतात ती दोन-तीन वर्षांनी, आणि हुकलेली मोजमापं मागाहून घेता येत नाहीत.

उपाय आहेत. युरोपीय देशांनी 2014 मध्ये वर्गणीवर चालणारी कायदेशीर संस्था उभारली. पैसा नसेल तर जहाज द्यावं: न्यूझीलंडच्या अवघ्या 28 मीटर लांबीच्या ‘काहारोआ’ने हजाराहून अधिक यंत्रं सोडली. भारताचा वाटा हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही महासागरांची माहिती पुरवणारी सरकारी संस्था सांभाळते.