फ्लँडर्समधील लीक: पांढऱ्या दांड्याची शेती

कांदा आणि लसणाच्या कुळातील लीक ही भाजी महाराष्ट्रात अजून प्रामुख्याने मोठ्या हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत आणि शहरांतील परदेशी भाज्यांच्या दुकानांतच दिसते. बेल्जियमच्या उत्तर भागात, म्हणजे फ्लँडर्समध्ये, मात्र ती घरोघरी सुपात पडणारी रोजची भाजी असून पश्चिम फ्लँडर्समधील रूसलारे या शहराच्या आसपास तिची व्यापारी शेती वर्षभर चालते. शेतकरी वेगवेगळ्या जातींची लागवड वसंतापासून मध्य उन्हाळ्यापर्यंत टप्प्याटप्प्याने करतात आणि काढणी जुलैपासून पुढच्या वर्षीच्या मे महिन्यापर्यंत लांबवतात. बाजारात भाव मिळतो तो तिच्या लांब, सरळ आणि पांढऱ्या दांड्याला. हा पांढरेपणा झाड आपणहून फारसा देत नाही. तो शेतकऱ्याला घडवून आणावा लागतो, आणि या पिकाच्या शेतीतील बहुतेक खटपट तिथूनच सुरू होते.

आपण ज्याला लीकचा दांडा म्हणतो ते खरे खोड नव्हे. केळीच्या झाडाप्रमाणेच तेही एकात एक गुंडाळलेल्या पर्णतळांचे आभासी खोड असते. खरे खोड म्हणजे अगदी तळाशी, मुळांच्या वर असलेली जेमतेम एक चकती. वाढीचा कोंब या चकतीवर असतो, प्रत्येक नवे पान तिथे जन्मते आणि आधीच्या पानांच्या नळीतून वर सरकत बाहेर पडते. कांदा याच पर्णतळांमध्ये अन्न साठवून गड्डा फुगवतो; लीकच्या लागवडीतील जातींमध्ये गड्डा धरण्याची प्रवृत्ती निवडीने जवळपास नाहीशी केलेली आहे. सपुष्प वनस्पतींमध्ये हरितद्रव्य तयार होण्याच्या साखळीतील एक टप्पा प्रकाशाशिवाय पुरा होत नाही, त्यामुळे पर्णतळाचा जेवढा भाग अंधारात वाढतो तेवढा पांढरा राहतो. शिवाय अंधारात पेशी अधिक लांबतात, म्हणून दांडा उंचही होतो.

अंधार देण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे माती. रोपवाटिकेत किंवा ट्रेमध्ये दोन ते तीन महिने वाढवलेली, पेन्सिलीएवढ्या जाडीची रोपे शेतात 15 ते 20 सेंटीमीटर खोल भोकांत सोडली जातात. ही भोके पाडणारी यंत्रे ट्रॅक्टरला जोडलेली असतात, आणि पुष्कळ ठिकाणी यंत्राच्या मागे बसलेली माणसे एकेक रोप हाताने भोकात टाकत जातात. या कामातील विशेष गोष्ट अशी की भोक लगेच बुजवत नाहीत. रोपाची शेंड्याकडची पाने तेवढी वर राहतात, मुळांपाशी पाण्याबरोबर थोडीशी माती वाहून येते आणि उरलेली पोकळी पाऊस, सिंचन व कोळपणीमुळे काही आठवड्यांत आपोआप भरते. सुरुवातीलाच माती दाबली, तर कोवळ्या दांड्याला जाड व्हायला जागा उरत नाही. पुढे ओळींमधली माती उचलून रोपांना भरही देतात, पण ती घाईने दिली की पानांच्या बेचक्यांत माती शिरते. लीक चिरताना पदरापदरांत जी कचकच सापडते, तिचा उगम बहुधा इथेच असतो. दोन ओळींत 70 सेंटीमीटर आणि दोन रोपांत 9 सेंटीमीटर अंतर धरले, तर हेक्टरी दीड लाखाहून थोडी अधिक रोपे बसतात. म्हणजे एका हेक्टरसाठी तितकी भोके आणि तितकी रोपे सांभाळावी लागतात.

एवढी रोपे एकसारखी वाढावीत ही यंत्राने काढणी करणाऱ्याची पहिली गरज असते, आणि लीकच्या बाबतीत ती सहज भागत नाही. लीकच्या पेशींत 8 गुणसूत्रांचे चार संच, म्हणजे एकूण 32 गुणसूत्रे असतात, आणि स्वपरागीकरण केल्यास पुढची पिढी झपाट्याने कमजोर होते. त्यामुळे जुन्या सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या, वाणांच्या शेतात जाड, बारीक, उंच, बुटकी अशी सगळी झाडे शेजारी-शेजारी दिसत. एकसारखेपणा संकरित बियाण्याने येतो, पण त्यासाठी परागकण न देणारी, म्हणजे नरवंध्य, मादी झाडे हवीत. कांद्यात असे झाड 1925 मध्ये कॅलिफोर्नियात पीकपैदासकार हेन्री जोन्स यांना सापडले आणि ते नरवंध्यत्व पेशीद्रव्यातून पुढे जाणारे असल्यामुळे बियाण्यातून टिकवता आले. लीकमध्ये वापरात आलेले नरवंध्यत्व केंद्रकातील जनुकांवर अवलंबून आहे, म्हणून मादी झाडांची संख्या उतिसंवर्धनाने, म्हणजे प्रयोगशाळेत ऊतीच्या तुकड्यांपासून रोपे तयार करून, वाढवावी लागते. हा खर्च बियाण्याच्या किमतीत उतरतो. तरीही 1990 च्या दशकापासून व्यापारी शेतीत संकरित वाणांनी झपाट्याने जागा घेतली, कारण सारख्या जाडीचा माल एका फेरीत निघाला की मजुरीत होणारी बचत बियाण्याच्या खर्चावर मात करते.

माझ्या मते या पिकाचा सर्वांत अवघड प्रश्न मात्र जमिनीच्या वर नसून खाली आहे. लीकची मुळे जाड असतात, त्यांना फाटे कमी फुटतात आणि त्यांच्यावर केसमुळे जवळजवळ नसतात. बहुतेक मुळे वरच्या अर्ध्या मीटरच्या थरातच राहतात. स्फुरदाच्या बाबतीत मुळांशी सहजीवन करणारी मायकोरायझा बुरशी ही उणीव काही अंशी भरून काढते, पण नायट्रेटच्या रूपातील नत्र पाण्याबरोबर वाहते आणि अर्ध्या मीटरच्या खाली गेले की लीकच्या हाती लागत नाही. बाजाराला हवा असतो गडद हिरव्या पानांचा, भरदार माल, आणि तसा माल काढायचा तर ऐन शरद ऋतूतही मुळांभोवती भरपूर नत्र उपलब्ध असावे लागते. त्यानंतर लगेच हिवाळी पाऊस सुरू होतो. त्या काळात बाष्पीभवन नगण्य असते, जादा पाणी खाली झिरपते आणि उरलेले नायट्रेट सोबत घेऊन भूजलात आणि ओढ्यांत पोहोचते.

युरोपीय संघाने 1991 मध्ये नायट्रेटविषयक निर्देश काढले आणि पाण्यातील नायट्रेटसाठी लिटरला 50 मिलिग्रॅम ही मर्यादा धरली. त्याला अनुसरून फ्लँडर्समध्ये 1 ऑक्टोबर ते 15 नोव्हेंबर या काळात शेतजमिनीचे 90 सेंटीमीटर खोलीपर्यंतचे नमुने घेऊन शिल्लक नायट्रेट मोजले जाते. पूर्वी यासाठी हेक्टरी 90 किलो नत्र अशी सरसकट मर्यादा होती. पुढे ती पीक आणि परिसर पाहून वेगवेगळी ठरवली गेली. भातुकलीएवढ्या मुळांच्या या पिकासाठी ही परीक्षा कडक आहे. खत एकदाच भरपूर न देता हप्त्याहप्त्याने देणे आणि मधल्या हप्त्याआधी माती तपासून मात्रा ठरवणे, हा त्यावरचा रुळलेला उपाय होय. नत्र शोषून धरणारे आच्छादन पीक मागाहून पेरण्याचा सल्ला इतर भाज्यांना लागू पडतो; लीक मात्र डिसेंबर-जानेवारीतही शेतात उभा असल्याने पेरायला जागाही नसते आणि हंगामही. म्हणूनच तेथील संशोधन केंद्रांनी माती टाळून, पोषकद्रव्ये मिसळलेल्या फिरत्या पाण्यावर लीक वाढवण्याचे प्रयोग केले. पाणी पुन्हा वापरता येते, एका वर्षात अनेक पिकेही घेता येतात, पण मातीने फुकट दिलेला अंधार तिथे वेगळ्या सोयीने निर्माण करावा लागतो.

पानांवरचे शत्रू नाशिक-पुण्याच्या कांदा उत्पादकांना परके वाटणार नाहीत. सर्वांत त्रासदायक आहेत ते फुलकिडे, थ्रिप्स टॅबॅसी, म्हणजे आपल्या कांद्याच्या पातीवर चंदेरी पट्टे उमटवणारी तीच प्रजाती. जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा हा किडा पेशींतील रस शोषतो. रिकाम्या पेशींत हवा भरते आणि पान चंदेरी दिसू लागते. लीकच्या पानावर मेणाचा जाड निळसर थर असतो, त्यावरून फवाऱ्याचे थेंब घरंगळून जातात, आणि किडे तर पोग्यात, म्हणजे मधल्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, जिथे औषध पोहोचतच नाही तिथे, दडलेले असतात. नेदरलँड्समध्ये 1990 च्या दशकात लीकच्या ओळींमध्ये क्लोव्हर ही जमिनीलगत पसरणारी द्विदल चारा वनस्पती पेरून पाहण्यात आली. फुलकिडे खरोखर कमी झाले, मात्र क्लोव्हरने पाणी आणि नत्र यांत वाटा मागितल्यामुळे लीक बारीक राहिले. रोगांपैकी अल्टरनेरिया पोराय बुरशीचा जांभळा करपा आपल्याकडेही आहे. फायटॉफ्थोरा पोराय या बुरशीसदृश जिवाचा रोग मात्र थंड, ओल्या हिवाळ्यातला आहे: त्याचे टिकाऊ बीजाणू मातीत राहतात, पावसाच्या थेंबाबरोबर उडून पानावर बसतात, आणि पानांचे शेंडे कागदासारखे पांढरे पडतात.

हिवाळ्यासाठीच्या जाती बुटक्या, जाड आणि निळसर पानांच्या असतात आणि शून्याखाली दहा अंशांपर्यंतची थंडी शेतातच सोसतात. अडचण येते ती माती गोठल्यावर, कारण मग यंत्र जमिनीत शिरत नाही. गोठलेल्या झाडाला हात लावला तर पेशी फाटून माल सडतो. ते जागेवरच वितळू द्यावे लागते. म्हणून कडाक्याच्या थंडीचा अंदाज येताच शेतकरी आधीच काढणी करून माल शून्य अंशाच्या आसपास, दमट शीतगृहात ठेवतात. काढणीयंत्र दांड्याच्या खालून पाते फिरवून मुळे सैल करते, दोन पट्ट्यांच्या चिमटीत झाड धरून उपसते आणि माती झटकते. पुढे पाण्याच्या झोताने आणि दाबयुक्त हवेने बाहेरची पाने सोलली जातात. वसंतात ऊब वाढली की थंडी भोगलेल्या झाडांत डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, निघू लागतात, दांड्याच्या गाभ्यात कडक दांडी तयार होते आणि तो माल बाजारात चालत नाही. हंगामाची शेवटची तारीख तीच ठरवते.

रूसलारेच्या लिलावगृहातून निघालेला बराच माल आता चिरून, पाकिटबंद होऊन विकला जातो, आणि तिथे वनस्पतीची तीच रचना पुन्हा आडवी येते. कापलेल्या दांड्यातही आतली कोवळी पाने काही दिवस तळापासून लांबतच राहतात आणि कापाच्या पातळीबाहेर डोकावू लागतात. दांडा थोडा वेळ सुमारे 50 ते 55 अंश तापमानाच्या पाण्यात बुडवला की ही वाढ थांबते, असे प्रयोगांत दिसले आहे. मात्र तापमान किंवा वेळ थोडी जरी वाढली, तरी ऊती शिजू लागतात.