२ नोव्हेंबर : दिनविशेषात नेरुळ कसं आलं?

वर्तमानपत्रातल्या दिनविशेषात २ नोव्हेंबरची क्रीडाविषयक नोंद बरीच वर्षं ऑस्ट्रेलियाच्या नावावर होती. कसोटीच्या पहिल्याच दिवशी उपाहाराआधी शतक ठोकणारा पहिला फलंदाज व्हिक्टर ट्रंपर १८७७ साली या दिवशी जन्मला. टेनिसपटू केन रोझवॉल १९३४चा, तर वेगवान गोलंदाज मिचेल जॉन्सन १९८१चा. रोझवॉलने ग्रँड स्लॅम एकेरीची आठ विजेतेपदं मिळवली, पण चार वेळा अंतिम फेरी गाठूनही विम्बल्डन काही त्याच्या हाती लागलं नाही.

आपली ठळक नोंद झाली ती २०१३च्या दिवाळीत. बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर बोरिवलीत वाढलेल्या रोहित शर्माने ऑस्ट्रेलियाविरुद्ध २०९ धावा कुटल्या, त्यात १६ षटकार होते. दहा वर्षांनी याच तारखेला वानखेडेवर भारताविरुद्ध श्रीलंकेचा डाव ५५ धावांत आटोपला.

२ नोव्हेंबर २०२५ला भारताच्या महिलांनी नवी मुंबईतल्या नेरुळला एकदिवसीय विश्वचषक जिंकला. नवी मुंबईचं नाव मात्र या तारखेला जवळपास अनपेक्षितपणे चिकटलं. २०२५च्या महिला विश्वचषकाचे महत्त्वाचे सामने आधी त्याच चिन्नास्वामीवर ठरले होते. जूनमध्ये त्या स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरी होऊन ११ जणांचा जीव गेला आणि ऑगस्टमध्ये सामने नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमला हलवले गेले. या आनंदाच्या मागे ते दुःख आहे, हे विसरून चालणार नाही.

सायन-पनवेल महामार्गालगतचं हे मैदान २००८चं. आयपीएलचे २००८ आणि २०१०चे अंतिम सामने इथेच झाले. २००९च्या नोव्हेंबरमध्ये भारत-ऑस्ट्रेलिया एकदिवसीय सामना ठरला होता, तो पावसाने एकही चेंडू न पडता धुऊन नेला. पुरुषांचं आंतरराष्ट्रीय क्रिकेट या मैदानाला असं हुलकावणी देत राहिलं. मुलींनी मात्र ते आपलंसं केलं, आणि मला तरी हीच खरी पार्श्वभूमी वाटते. ३० ऑक्टोबर २०२२ला मुलींच्या १७ वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना इथे झाला. ४ मार्च २०२३ला महिला प्रीमियर लीगचा पहिला सामना इथेच. त्याच डिसेंबरात भारताच्या महिलांनी इंग्लंडला कसोटीत ३४७ धावांनी लोळवलं, तेही इथेच.

३० ऑक्टोबर २०२५ला उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाने ३३९चं लक्ष्य ठेवलं. मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद १२७ धावा करून ते पार करून दिलं. २ नोव्हेंबरच्या अंतिम सामन्यात पावसाने दोन तास खाल्ले. भारताच्या २९८ धावा झाल्या, त्यातल्या ८७ शफाली वर्माच्या. सलामीची प्रतिका रावल जखमी झाली म्हणून उपांत्य फेरीच्या तोंडावर संघात आलेली ही मुलगी. मग कर्णधार हरमनप्रीत कौरने तिच्याच हाती चेंडू दिला आणि तिने दोन बळीही काढले.

दक्षिण आफ्रिकेची कर्णधार लॉरा वुल्फार्ट १०१वर होती. तिने दीप्ती शर्माला उंच टोलावलं. सीमारेषेजवळ अमनजोत कौरच्या हातून चेंडू निसटला, पुन्हा उडाला, आणि पडता पडता तिने तो एका हातात धरला. सामना तिथे फिरला, असं माझं ठाम मत आहे. मध्यरात्रीच्या सुमारास हरमनप्रीतने शेवटचा झेल मागे धावत टिपला. ५२ धावांनी विजय. दीप्तीचे ३९ धावांत ५ बळी. प्रशिक्षक अमोल मुझुमदार. रणजी पदार्पणात २६० धावा, प्रथम श्रेणीत ११ हजारांहून जास्त, तरी भारताकडून एकही सामना त्याच्या वाट्याला आला नव्हता.

नोंदीत एक ओळ पुण्याचीही हवी. १९७३मध्ये महिलांची पहिली आंतरराज्य स्पर्धा तिथे भरली, संघ फक्त तीन: मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. डायना एडलजी, शांता रंगास्वामी यांच्या पिढीने रेल्वेच्या विनाआरक्षित डब्यांतून प्रवास करत हा खेळ जगवला. बीसीसीआयच्या छत्राखाली महिला क्रिकेट आलं ते थेट २००६मध्ये. त्याच्या आदल्या वर्षी सेंच्युरियनला ऑस्ट्रेलियाकडून आणि २०१७मध्ये लॉर्ड्सला इंग्लंडकडून अवघ्या नऊ धावांनी विश्वचषकाचा अंतिम सामना गेला. त्या दोन्ही संघांत असलेल्या मिताली राज आणि झूलन गोस्वामी २ नोव्हेंबरला नेरुळमध्ये हजर होत्या. हरमनप्रीतच्या संघाने चषक त्यांच्याही हातात दिला.