मानसिक आरोग्याची प्रश्नावली: वडोदऱ्यात कुठे भरायची, सोबत काय न्यायचं, गुण कसे वाचायचे

ही प्रश्नावली भरायला पात्रतेची अट नाही. झोप उडाली आहे, कशात जीव लागत नाही, उगाच धडधडतं, असं दोन आठवडे चाललं असेल तर नेहमीच्या डॉक्टरांना सांगा, किंवा सयाजी हॉस्पिटलची मानसोपचार ओपीडी गाठा. कारेलीबागेत सरकारी मानसिक रुग्णालयही आहे.

केस पेपरसाठी ओळखपत्र घ्या. जुनी प्रिस्क्रिप्शनं, चालू गोळ्यांची पाकिटं आणि थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-12 चे रिपोर्ट असतील तर तेही. थायरॉइड मंदावलं तरी थकवा, सुस्ती येते आणि प्रश्नावलीतले गुण वाढतात. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला कार्ड नसलं तरी सरकारी ठिकाणी मोफत उपचारांचा हक्क 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिला आहे. उत्तरं गोपनीय ठेवणं हेही त्याच कायद्यात आहे.

उदासीसाठी पीएचक्यू-9 ही नऊ प्रश्नांची यादी, काळजी-घबराटीसाठी जीएडी-7 ही सात प्रश्नांची. बाळंतिणीला मात्र एडिनबरोची दहा प्रश्नांची यादीच मागा. बाळामुळे तिची झोप तशीही मोडलेलीच असते, म्हणून त्या यादीत थकवा-भुकेपेक्षा मनावर भर आहे.

पीएचक्यू-9 मध्ये प्रत्येक प्रश्नाला 0 ते 3 गुण, एकूण 27. पाचापासून सौम्य, 10 पासून मध्यम, 15 पासून बरंच जास्त, 20 पासून तीव्र. 10 आले म्हणजे डिप्रेशन ठरलं असं नाही. आता डॉक्टरांनी नीट बसून बोलायला हवं, एवढंच ते सांगतात. अपंगत्वाच्या दाखल्यालाही हे गुण चालत नाहीत. तिथे आयडियाज ही वेगळी मोजणी होते आणि बहुतेक सवलतींसाठी किमान 40 टक्के अपंगत्व लागतं.

दांडिया बाजारातल्या माझ्या मावशीची चाळशी घरी राहिली, म्हणून मुलगा प्रश्न वाचत गेला आणि पटापट खुणा करत गेला. नवव्या प्रश्नाशी, मरणाच्या विचारांच्या, तो थबकला. "आई, हे तर नाहीच ना?" मावशी पदराचं टोक चाळत बसली. डॉक्टरांनी त्याला बाहेर पाठवून तोच प्रश्न पुन्हा विचारला. बेरीज आठच होती, पण नवव्याचं उत्तर शून्य नव्हतं. त्या दिवशी बोलणं तिथूनच सुरू झालं.

म्हणून फॉर्म ज्याचा त्याने भरावा. वाचता येत नसेल तर नर्सला वाचायला सांगा, घरच्यांना नको. नवव्याला शून्याशिवाय काहीही आलं, तर बेरीज कितीही कमी असो, त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. रात्र असेल तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनला 14416 वर फोन लावा. तो चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत.