जनुकातला मोठा तुकडा गळला, तरी आजार सौम्य

ड्यूशेन आणि बेकर हे स्नायूंचे दोन आनुवंशिक आजार एकाच जनुकातल्या बिघाडामुळे होतात. ड्यूशेन झालेला मुलगा तिसऱ्या-चौथ्या वर्षीच वारंवार पडू लागतो, उठताना गुडघ्यांवर हात रोवून वर सरकतो. उपचार नसतील तर बाराव्या वर्षाच्या आसपास त्याचं चालणं थांबतं. बेकर झालेले काही जण मात्र पन्नाशीतही चालत असतात.

हे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने त्रास बहुतेक मुलग्यांनाच होतो. त्यापासून बनणारं डिस्ट्रॉफिन हे प्रथिन १९८७ साली लुई कुंकेल यांच्या बोस्टनमधल्या गटाने ओळखलं. ते स्नायूपेशीच्या आवरणाला आतून आधार देतं. ते नसेल तर आकुंचनाच्या ताणाने आवरण फाटतं.

जनुक अवाढव्य, २० लाखांहून जास्त अक्षरांचं. प्रथिनाचा मजकूर मात्र जेमतेम ११ हजार अक्षरांचा, ७९ तुकड्यांत विखुरलेला. बहुतेक रुग्णांत यातले काही तुकडे गळालेले असतात. जितके जास्त गळतील तितका आजार तीव्र, असं कोणालाही वाटेल. पण तसं दिसेना.

खुलासा १९८८ मध्ये झाला. पेशी हा मजकूर तीन-तीन अक्षरांनी वाचते. ‘मदन गवत उचल’ यातला ‘द’ काढला तर उरतं ‘मनग वतउ चल’. अख्खं ‘गवत’ काढलं, तर ‘मदन उचल’ निदान वाचता तरी येतं. बेकरमध्ये बहुधा असंच होतं: प्रथिन आखूड, पण कामचलाऊ. (अपवाद आहेत, पण थोडे.) १९९० मध्ये तर प्रथिनाचा ४६ टक्के मजकूरच नसलेला एक रुग्ण नोंदवला गेला. तो एकसष्टाव्या वर्षीही चालत होता!

मग ड्यूशेनचं रूपांतर बेकरमध्ये करता येईल का? एटेप्लिर्सेन हे औषध पेशीला ५१ वा तुकडा मुद्दाम गाळायला लावून वाचनाची घडी पुन्हा बसवतं. अमेरिकेत त्याला २०१६ मध्ये मान्यता मिळाली, तीही वादातच, आणि माझ्या मते तो वाद रास्त होता: उपचारानंतरही डिस्ट्रॉफिन सरासरी निरोगी पातळीच्या एक टक्क्याहून कमीच होतं. शिवाय हे औषध सुमारे १३ टक्के रुग्णांनाच लागू पडतं.

दुसरा मार्ग विषाणूतून आटोपशीर जनुक पोचवण्याचा. या विषाणूत पाच हजार अक्षरंसुद्धा मावत नाहीत, म्हणून सूक्ष्म डिस्ट्रॉफिन घडवावं लागलं. २०२३ मध्ये अमेरिकेत असा उपचार मंजूर झाला. पण विषाणूचा प्रचंड डोस यकृतावर ताण आणतो. २०२५ मध्ये, चालणं थांबलेल्या दोन रुग्णांचा यकृत निकामी होऊन मृत्यू झाला. आणि एकदा डोस दिला की शरीरात विषाणूविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात, त्यामुळे परिणाम ओसरला तरी तोच डोस पुन्हा देता येत नाही.