गॅमरस उजेडाकडे का धावतो?

एक जंत एखाद्या प्राण्याच्या मेंदूत शिरतो, त्याचा ताबा घेतो आणि त्याला 'झोंबी' बनवून मरणाच्या दारात नेऊन सोडतो, अशा अर्थाचे व्हिडिओ समाजमाध्यमांवर सतत फिरत असतात. ज्याच्या शरीरात राहतात त्या यजमानाचं वागणं बदलणारे परजीवी आहेत, हे खरंच आहे. पण कुणीतरी आत बसून लगाम खेचतंय असं जे चित्र रंगवलं जातं, त्यात खरी गंमत हरवते.

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातल्या तळ्यांत गॅमरस लॅकस्ट्रिस हा जीव राहतो. कोळंबीच्या दूरच्या नात्यातला हा कवचधारी प्राणी बोटाच्या पेराएवढाही नसतो. निरोगी गॅमरस उजेड टाळतो आणि पाणी ढवळलं की तळाशी जाऊन दडतो. त्याच तळ्यांत नेमके उलटे वागणारे गॅमरस असतात, हे 1973 साली विल्यम बेथेल आणि जॉन होम्स यांनी नोंदवलं. ते उजेडाकडे जात. धोका जाणवला की खाली पळण्याऐवजी पाण्याच्या वरच्या थरातल्या वनस्पतीला घट्ट धरून बसत. त्यांच्या शरीरात पॉलिमॉर्फस पॅराडॉक्सस हा काटेरी डोक्याचा जंत होता. हा जंत प्रौढ होतो तो मॅलार्ड बदकासारख्या प्राण्यांच्या आतड्यात. त्याची अंडी विष्ठेतून पाण्यात पडतात, गॅमरस ती खातो आणि अळी त्याच्या आत वाढते. पुढचा प्रवास हवा असेल, तर बदकाने गॅमरसला खाल्लंच पाहिजे. मॅलार्ड पाण्याच्या वरच्या थरात चोच मारतं, आणि प्रयोगांत त्याने बाधित गॅमरस जास्त प्रमाणात टिपले.

अळी अर्धवट वाढलेली असते तोवर गॅमरसचं वागणं बदलत नाही. ती बदकाच्या पोटात तग धरण्याइतकी तयार झाली, की मगच बदल दिसतो. याच जंताचा एक भाऊबंद, पॉलिमॉर्फस मॅरिलिस, पाण्यात बुडी मारून खाणाऱ्या बदकांत राहतो. त्याची बाधा झालेला गॅमरस उजेडाकडे जातो, पण वर येऊन चिकटून बसत नाही.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. हा जंत मेंदूत नसतोच! तो शरीराच्या पोकळीत, यजमानाच्या रक्तद्रवात पडून असतो. मग वागणं बदलतं कसं? याचा धागा आधी एका वेगळ्याच प्राण्यात सापडला होता. 1980 साली मार्गारेट लिव्हिंगस्टन, रोनाल्ड हॅरिस-वॉरिक आणि एडवर्ड क्रॅव्हिट्झ यांनी लॉबस्टरला सेरोटोनिन टोचलं, तेव्हा त्याचे पाय आणि शेपूट आत वळले. ऑक्टोपामिन टोचलं, तेव्हा ते ताठ पसरले. ही दोन्ही रसायनं चेतापेशी एकमेकींशी संवाद साधताना वापरतात, आणि कवचधारी प्राण्यांत आकुंचनाचं पारडं सेरोटोनिनकडे, तर प्रसरणाचं ऑक्टोपामिनकडे झुकतं. वनस्पतीला धरून बसलेला गॅमरस कसा दिसतो? आत वळलेला, आकसलेला. सिमोन हेलुई आणि होम्स यांनी 1990 साली निरोगी गॅमरसला सेरोटोनिन टोचून पाहिलं. शरीरात एकही जंत नसताना तो बाधित गॅमरससारखा चिकटून बसला! आणि बाधित गॅमरसला ऑक्टोपामिन दिल्यावर त्याचं चिकटणं थांबलं. पुढे 1996 साली बाधित गॅमरसच्या चेतारज्जूत सेरोटोनिन साठवणाऱ्या फुगवट्यांची संख्या वाढलेली आढळली.

म्हणजे घट्ट धरून बसणं जंताने शिकवलेलं नाही. ती हालचाल गॅमरसच्या चेतासंस्थेत आधीपासूनच आहे. मादीला धरून ठेवणारा नरही असाच आकसतो. जंतामुळे ती फक्त चुकीच्या वेळी सुरू होते.

ही यंत्रणा सगळीकडे एकच असेल असं मात्र समजू नये. फ्रान्समधल्या गॅमरस पुलेक्स या दुसऱ्या जातीत, माशात प्रौढ होणाऱ्या पॉम्फोरिंकस लेव्हिस या जंतामुळे मेंदूतलं सेरोटोनिन सुमारे 40 टक्क्यांनी वाढलेलं दिसलं, आणि निरोगी गॅमरसला सेरोटोनिन टोचल्यावर तोही उजेडाकडे वळला. पण त्याच गॅमरसला पाण्यात वर यायला लावणाऱ्या, पक्ष्यांत प्रौढ होणाऱ्या पॉलिमॉर्फस मायन्यूटसच्या बाबतीत सेरोटोनिनमध्ये असा फरक आढळला नाही. दक्षिण फ्रान्सच्या खाजणांतल्या गॅमरसमध्ये एका चपट्या कृमीची अळी खरोखरच मेंदूत बसते. तिथे हेलुई आणि फ्रेडरिक थोमा यांना मेंदूत दाहाच्या खुणा सापडल्या. यजमान स्वतःच्या संरक्षणासाठी जी प्रतिक्रिया देतो, तीच त्याची रसायनं बिघडवत असेल, ही शक्यता मला फार महत्त्वाची वाटते. मग हुकूम देणारा कुणी उरतच नाही.

सेरोटोनिनला 'आनंदाचं संप्रेरक' म्हणणाऱ्या जाहिरातींनी हे जरूर लक्षात घ्यावं. लॉबस्टरला ते आकसून उभं करतं, गॅमरसला बदकाच्या चोचीपाशी नेतं. रसायन काय करणार हे ते कुठल्या चेतापेशीवर पडतं यावर ठरतं. आणि असले व्हिडिओ दाखवून 'शरीरातले परजीवी बाहेर काढणारी' चूर्णं विकणाऱ्यांपासून तर दूरच राहावं. गॅमरसमधल्या जंतावरून आपल्या रागा-लोभाचं कारण जंतात शोधणं हे 'अंगात आलंय' म्हणण्यापेक्षा फारसं वेगळं नाही. पोटात जंत असल्याची शंका आली तर डॉक्टर विष्ठेची तपासणी सांगतात, आणि त्यावर स्वस्त, खात्रीची औषधं आहेत.

इंग्लंडमधल्या पोर्ट्समथच्या संशोधकांनी 2010 साली एकायनोगॅमरस मरिनस या समुद्रकिनारी राहणाऱ्या भाईबंदावर जंताऐवजी फ्लुओक्सेटिनचा प्रयोग केला. हे नैराश्यावरचं औषध सेरोटोनिनच्या वाहतुकीवरच काम करतं. लिटरभर पाण्यात 100 नॅनोग्रॅम इतकं मिसळल्यावर हे प्राणी तळ सोडून वर, उजेडात जास्त वेळ राहू लागले, आणि मात्रा वाढवली तर परिणाम वाढण्याऐवजी उलट कमी दिसला. गोळ्या घेणाऱ्यांनी यावरून औषध मुळीच थांबवू नये. प्रश्न सांडपाण्याचा आहे: नेहमीच्या शुद्धीकरण केंद्रांची रचना मैला आणि जिवाणूंसाठी असते, औषधांचे अंश त्यातून निसटून नद्यांत आणि खाड्यांत पोचतात, आणि तिथल्या कवचधारी प्राण्यांच्या अंगात ते बटण दाबायला जंताची गरज राहत नाही.